ओटी भरलेली लाल गाडी

प्रिय मीरा आणि ओंकार,

तुमच्या आजोबांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी दोनच माणसं मावतील अशी, कापडी छपराची, लालभडक विलायती गाडी घ्यायचं मनात आणलं आणि ती घेऊ नये असं मत असलेली घरात मी एकटीच होते. (घरात आम्ही दोघंच असतो. म्हणजे मतं समसमान होती.)

हे आत्ताच लिहायला बसले, त्याला कारण तुम्हीच आहात. परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या खांद्यामागे काहीतरी लाल दिसलं आणि मीराने विचारलं, "आजी, ते काय आहे?" मी तोंड उघडायच्या आत आजोबा मधे डोकं घालून म्हणाले, "ते व्हय? आजीची गाडी. हट्टच धरलाता तिनं." तुमचे बाबा तिकडे इतके हसले की फोन हातातून पडला आणि पुढचा सगळा वेळ मला तुमच्या घराचं छत दिसत राहिलं. तर खरी हकीकत काय ती मी क्रमवार सांगते. उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला, तेव्हा गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो एवढं मला कळतं. आजोबांच्या गोष्टीला फक्त शेवट असतो आणि तोही त्यांच्या सोयीचा.

तुम्हाला माहीत आहे, आजोबांचा बेळगावच्या उद्यमबागेत लेथचा छोटा कारखाना होता. गेल्या वर्षी एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला, बारीक काम दिसेना, आणि त्यांनी कारखाना बंद केला. पिरनवाडीची शेती चुलतभाऊ बघतात. त्यामुळे आजोबा घरी राहिले. पहिले काही दिवस त्यांनी घरातल्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. मग न बिघडलेल्या दुरुस्त केल्या. आमचा मिक्सर तेव्हापासून एकाच वेगाने फिरतो आणि त्या वेगाला झाकण जागेवर राहत नाही. चटणी करायची तर मी आता रेनकोट घालते. आणि तेही संपल्यावर ते नुसते झोपाळ्यावर बसायला लागले. पेपर सकाळी वाचायचे आणि दुपारी तोच पुन्हा वाचायचे. जेवणात मीठ घालायला मी विसरले तरी त्यांना कळायचं नाही. मला ते आवडत नव्हतं, पण बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही.

अशात निपाणीच्या एका लग्नात कुणीतरी त्यांच्या कानात घातलं, की बोरगावच्या आप्पांना त्यांची गाडी द्यायची आहे.

हे आप्पा म्हणजे तंबाखूचे जुने व्यापारी. जैन कुटुंब, मोठं घर, मागे तंबाखूची वखार. तरुणपणी त्यांनी हौसेने मुंबईहून ही गाडी आणली होती आणि आयुष्यभर स्वतःच चालवली. आता गुडघे गेले, क्लच दाबवेना. पण गाडी द्यायची म्हणजे विकायची असं नाही, हे त्या माणसाने आजोबांना बजावून सांगितलं. कोल्हापूरहून एक हॉटेलवाला आला होता. त्याला ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती. आप्पांनी त्याला विचारलं म्हणे, की तुमच्या वडिलांनाही चालता येईना झालं की दारात उभं करणार काय. हॉटेलवाला चहा न घेता गेला.

त्या दिवसापासून आमच्या जेवणात गाडी आली. भाजी कशी झाली विचारलं तर आजोबा म्हणायचे, चार सिलिंडर आहेत. मी क्रमाने सगळी कारणं सांगितली. तुमचा एक डोळा अजून कच्चा आहे. बेळगावात निम्मं वर्ष पाऊस असतो आणि त्या गाडीला छप्पर म्हणून जे आहे ते छत्रीपेक्षा बरं नाही. सुटे भाग मिळणार नाहीत. पाहुणा आला तर त्याला कुठे बसवणार? आजोबा प्रत्येक कारणाला मान हलवायचे. आणि मग म्हणायचे, "नुसती बघून येऊ की गं."

हे वाक्य मी ओळखते. या वाक्यावर आमच्या घरात एक म्हैस आली आहे, एक जनरेटर आला आहे आणि एकदा तर एक पूर्ण गुऱ्हाळ आलं होतं, जे परत पाठवायला माझा अख्खा उन्हाळा गेला. आजोबांचा स्वभाव असा, की ते समोरच्याला "नाही" म्हणतात आणि वस्तू घेऊन घरी येतात. म्हणून मी ठरवलं, की या वेळी बरोबर जायचं आणि नकार आपण स्वतः द्यायचा. नीट, सभ्यपणे, पण स्पष्ट. पोरांना नापास करतानाही मी कधी आवाज चढवला नव्हता.

आम्ही बसने निपाणीला आणि तिथून वडापने बोरगावला गेलो. वडाप म्हणजे जीप. तिच्यात आठ माणसं मावतात असं आरटीओला वाटतं आणि सोळा मावतात हे ड्रायव्हरला माहीत असतं. मी मुद्दाम म्हटलं, की बघा, हिच्यात सोळा बसलेत आणि तुमच्या त्या गाडीत दोन. आजोबा कुणाच्या तरी कोंबडीखालून म्हणाले, "म्हणून तर."

आप्पा पांढराशुभ्र सदरा घालून सोप्यात बसले होते. शेजारी त्यांची बायको, तिला सगळे आक्काच म्हणतात. दोघंही ऐंशीच्या पुढची. स्वागत छान झालं, पण बसल्यावर मला कळलं, की आम्ही गाडी बघायला आलेलो नाही, आमची बघणी चालली आहे. आप्पांनी आजोबांना विचारलं, गाव कुठलं, घर स्वतःचं का, दारात उतार आहे का, पाणी साचतं का, घरी उंदीर आहेत का. एवढी चौकशी माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी केली नव्हती. (केली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.)

शेवटी आप्पांनी विचारलं, "घरात विचारलंय न्हवं?"

"विचारलंय की," आजोबा म्हणाले.

ते खोटं नव्हतं. विचारलं होतंच. उत्तर काय आलं, ते आप्पांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

मी माझा नकार मनात जुळवून ठेवला होता. पण दुसऱ्याच्या घरी गेल्या गेल्या नाही म्हणणं बरं दिसत नाही. चहा झाल्यावर बोलू असं ठरवलं. चहा झाला. मग म्हटलं, निघताना बोलू. तेवढ्यात आक्का उठल्या आणि कन्नडमधे सुनेला हाक मारून ओटीचं ताट आणायला सांगितलं. मला म्हणाल्या, "चला, वटी भरते तुमची."

आता ओटीला नाही म्हणायचं नसतं. हे मला माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरणं ही कुठल्याही घरची रीत आणि ती पदरात घेणं हे आपलं काम. मी उठले. आक्का मला घेऊन मागच्या दाराने वखारीत गेल्या. मला वाटलं, आत पाहुण्यांची गर्दी आहे म्हणून इकडे आणलं असेल. वखार गार होती, तंबाखूच्या वासाने नाक हुळहुळत होतं आणि मधोमध ती गाडी होती.

खरं लिहायचं तर ती देखणी होती. मी तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आक्कांनी आधी गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं. (म्हातारीची माया बघा, असं मला वाटलं.) मग मला तिच्या शेजारी पाटावर उभं केलं, हळदीकुंकू लावलं आणि पदरात खण, नारळ, तांदूळ, सुपारी घातली. मी वाकून नमस्कार केला. आप्पा काठी टेकत दारात आले होते. आजोबा त्यांच्या मागे उभे राहून वखारीच्या पत्र्याकडे बघत होते. इतक्या लक्षपूर्वक, की मीही वर बघितलं. वर काही नव्हतं.

"झालं," आप्पा म्हणाले. "घर राजी झालं."

मी विचारलं, कुठलं घर?

"तुमचं की हो, बाई. तुम्ही वटी घेतलासा न्हवं?"

मी शक्य तेवढ्या नम्रपणे म्हटलं, की ओटी तर पाहुणी म्हणून घेतली.

आक्कांना ते ऐकून नवल वाटलं. "पावणीची वटी देवापुढं भरत्यात. वखारीत कोन भरंल?"

आणि मग आप्पांनी मला समजावून सांगितलं, अगदी हळू, मंद मुलाला सांगतात तसं. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या जनावर द्यायचं झालं, की घेणाऱ्याच्या बायकोची ओटी त्या जनावराजवळ भरतात. गडी माणूस हो म्हणेल, पण वैरणपाणी बाईनेच बघायचं असतं. तिने पदरात घेतलं म्हणजे दिलं. गड्याच्या होकाराला ते होकार मानतच नाहीत. म्हणजे मुलांनो, त्या घरात तुमच्या आजोबांच्या हो म्हणण्याला काडीची किंमत नव्हती. नकार देण्याचा अधिकार फक्त माझा होता. मी एवढ्या लांब जाऊन तो वापरला आणि होकार देऊन आले!

मी आजोबांकडे बघितलं. हे पिरनवाडीच्या शेतकऱ्याच्या घरात वाढले आहेत. गोठ्यातली ओटी म्हणजे काय, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. ते अजून पत्रा बघत होते.

मी नारळ परत करणार होते. खरंच करणार होते. पण आप्पा गाडीजवळ गेले होते आणि तिच्या दारावरून हात फिरवत होते, आणि आक्का डोळे पुसत होत्या. आप्पा म्हणाले, "आठ दिस ठेवा. रुळली न्हाय तर माघारी आणा, आमी रुसनार न्हाय. पैशाचं मागनं बोलू. पर आज न्या. वटी भरलेली लेक आमी दारात ठेवत न्हाय."

आठ दिवस! मला दिसलं, की दार अजून उघडं आहे. आठ दिवसांनी परत आणून सोडायची. मी मनातल्या मनात तारीख धरली आणि गाडीत बसले. मांडीवर नारळ, कानाभोवती ओटीतला खण गुंडाळलेला, कारण केस उडायला लागले होते. आजोबांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, तिच्या पोटातून तंबाखूची धूळ उडाली, आम्ही दोघं शिंकलो आणि ती चालू झाली. डॉक्टरांनी दिवसाउजेडी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं होतं, पण ते डॉक्टर शेजारच्या सीटवर बसलेले नव्हते. निपाणी येईपर्यंत मी पाय जमिनीवर असे दाबून धरले होते, की ब्रेक माझ्याच बाजूला आहे असं कुणालाही वाटलं असतं.

संकेश्वर मागे टाकलं आणि गाडी थांबली. आजोबांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. (हे मी तेव्हा रागाने बघितलं. आता नीट आठवतं.) म्हणाले, पेट्रोलच्या नळीत तंबाखू अडकलाय, साफ करायला हवा, पण हत्यारं नाहीत.

उसाचा हंगाम होता. मागून दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर आला. त्याचा ड्रायव्हर थांबला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, पुढे साखर कारखाना आहे, तिथे फिटर आहेत, मागे बांधतो. मला हे पटलं. कारखाना म्हणजे व्यवस्था, व्यवस्था म्हणजे फिटर. दोर बांधला आणि आम्ही निघालो. ट्रॉलीतून उसाचं पाचट आमच्या अंगावर पडत होतं आणि रस्त्यावरची मुलं पळत येऊन ऊस ओढत होती. एका मुलाने चुकून माझा नारळ ओढला.

कारखान्याच्या फाटकातून ट्रॅक्टर आत वळला, आम्हीही वळलो, आणि तेव्हा मला कळलं, की ही रांग आहे. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना बैलगाड्या. दोर सोडला असता तरी जायला जागा नव्हती. रांग मुंगीसारखी सरकत होती. चार-पाच गाडीवान बैल सोडून आमच्याकडे आले, बघून गेले, आणखी कुणाला घेऊन आले. एकाने आजोबांना विचारलं, की हिला वैरण काय घालता.

आणि मग आमचा ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढला आणि त्याच्यामागे आम्हीही चढलो.

खिडकीतला काटेवाला आधी कन्नडमधे "इदेनु?" म्हणाला. हे काय, असं विचारायचा त्याला पूर्ण अधिकार होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, बांधलंय, आता मागं कुठं सोडू? काटेवाल्याने आकडा बघितला, मला बघितलं आणि चष्मा काढून पुसला. मग मराठीत म्हणाला, "मावशी, खाली उतरा. तुमचं वजन शेतकऱ्याच्या नावावर चढायलंय."

मी उतरत होते. म्हणजे एक पाय बाहेर, पदरात तांदूळ, डोक्याला खण, केसांत पाचट. तेव्हा आतून एक इस्त्रीचा शर्ट घातलेला अधिकारी बाहेर आला, माझ्यासमोर थबकला आणि ताठ उभा राहून म्हणाला, "गुड आफ्टरनून, टीचर."

माझा विद्यार्थी. शेवटच्या बाकावरचा. याला मी एकदा शर्टाचं वरचं बटण लावलेलं नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याने आम्हाला आत नेलं, खुर्ची दिली, चहा दिला, फिटर बोलावले. एका शब्दानेही काही विचारलं नाही. इतका सभ्य मुलगा! फक्त बेळगावला पोचेपर्यंत त्यांच्या बॅचच्या ग्रुपवर माझा काट्यावरचा फोटो पोचला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, की टीचर उसाला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्या बाईने मला पावशेर मिरच्या देताना विचारलं, की यंदा उसाला उतारा कसा आहे.

त्यानंतरचे आठ दिवस मी गाडीशी बोलले नाही. ती शेडमधे उभी होती. आजोबा सकाळी उठून, पेपर न उघडता, तिच्याखाली जायचे. दिवसभर मला त्यांचे फक्त पाय दिसायचे. जेवायला हाक मारली की पाय म्हणायचे, "आलो, आलो." जेवायला येऊन ते दोनाऐवजी चार भाकऱ्या खायचे. एकदा म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. मी मीठ आणायला आत गेले आणि जरा वेळ डब्यापाशी उभी राहिले. त्यांना चव लागली होती.

पण एकदा ठरवलं ते ठरवलं. आठव्या दिवशी सकाळी मी सांगितलं, की आज गाडी परत द्यायला जायचं. मला वाटलं होतं वाद होईल. झाला नाही. ते "बरं" म्हणाले, उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले.

"पाठ धरली," ते म्हणाले. सगळे दिवस फरशीवर झोपून काम केलेलं, धरणारच. पट्टा बांधला, तेल लावलं, पण क्लच दाबायला पाय उचलेना.

"मग पुढच्या आठवड्यात देऊ," ते म्हणाले.

"आजच द्यायची," मी म्हटलं. "शब्द म्हणजे शब्द. मी चालवीन."

मुलांनो, मी वर्षानुवर्षं आमची तेव्हाची छोटी गाडी चालवत शाळेत गेले आहे. माझं लायसन्स चालू आहे, आणि दंड म्हणून मला कधी झालेला नाही. मी गाडीत बसले, आरसे लावले, आजोबांना दोन्ही बगलांना धरून शेजारच्या सीटवर ठेवलं. ते "आई गं" म्हणाले. बोरगावपर्यंत सावकाश जायचं, किल्ली द्यायची, बसने परत यायचं. असा साधा बेत.

काकतीपर्यंत मी सावकाश गेले. कुत्री आमच्या पुढे जात होती. मग घाटाचा उतार लागला. आजोबांनी त्या इंजिनचं काय केलं होतं देव जाणे, पण ते आता खोकत नव्हतं. ते गुणगुणत होतं. हायवे मोकळा होता, ऊन कोवळं होतं, आणि पुढे एक बस जात होती. लाल बस, काळा धूर. माझ्या सबंध आयुष्यात मी कधी बसला ओव्हरटेक केलेलं नाही. बस ही बस असते, तिच्यामागून जायचं असतं. पण धूर तोंडावर येत होता, म्हणून, केवळ त्या कारणासाठी, मी गिअर बदलला.

बसमधल्या कॉलेजच्या मुलींनी खिडकीतून हात बाहेर काढून आरडाओरडा केला. मी हॉर्न वाजवला. तो वाजवायची काही गरज नव्हती.

त्यानंतर मी आणखी एक बस मागे टाकली आणि एक टेम्पो. टेम्पोचा धूर नव्हता. हत्तरगीच्या टोलनाक्यावरच्या मुलाने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, मॅडम, शूटिंग आहे का. मी म्हटलं, नाही, गाडी परत द्यायला चालले आहे. त्याने दिलेले सुटे पैसे मी न मोजताच पर्समधे टाकले.

संपूर्ण प्रवासात आजोबा एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी एवढा वेळ गप्प बसल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याचं ते आता सगळ्यांना सांगतात.

बोरगावात वळलो तेव्हा आप्पा काठी घेऊन फाटकात उभेच होते. त्यांनी लांबूनच आवाज ओळखला होता. मी गाडी थांबवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग जमिनीकडे.

"माघारी आणलीसा?"

आक्का उंबऱ्यात येऊन थांबल्या. आजोबा समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होते. या वेळी पत्रा नव्हता, त्यामुळे त्यांना बघायला काही नव्हतं. माझ्याजवळ सगळी कारणं क्रमवार तयार होती. डोळा, पाऊस, सुटे भाग, पाहुणे. मी सुरुवात करायला तोंड उघडलं.

"नाही हो, आप्पा," मी म्हटलं. "इकडून चाललो होतो. म्हटलं, चहा घेऊन जाऊ."

बोरगाव आमच्या कुठल्याच वाटेवर नाही. ते आप्पांना माहीत होतं. त्यांनी फक्त काठी आक्कांच्या हातात दिली आणि विचारलं, "बाई, मला एक चक्कर मारून आनशीला?"

आणि तेव्हा, मुलांनो, ज्यांना सकाळी मी दोन्ही बगलांना धरून गाडीत ठेवलं होतं, ज्यांना शिंकतानाही कळ येत होती, ते तुमचे आजोबा दार उघडून टुणकन खाली उतरले, आप्पांचा हात धरला, त्यांना सीटवर नीट बसवलं आणि दार लावून म्हणाले, "जावा, जावा. आमी च्या ठेवतो."

मी आप्पांना तंबाखूच्या शेतांमधून लांबवर फिरवून आणलं. ते सगळा वेळ डावा पाय खाली दाबत होते, जणू क्लच त्यांच्याच बाजूला आहे. परत आल्यावर मी आजोबांना पाठीचं विचारलं. ते म्हणाले, "हवा बदलली की जरा बरं वाटतंय."

तेव्हापासून त्यांची पाठ पूर्ण बरी झालेली नाही. दर रविवारी सकाळी धरते. मग गाडी मला चालवावी लागते, कधी जांबोटीच्या बाजूला, कधी निपाणीला. डॉक्टरांना दाखवायचं मी अजून मनावर घेतलेलं नाही.

छपराचं कापड उंदरांनी खाल्लं. तिसरा गिअर कधी पडतो, कधी पडत नाही. गावातला माझा दरारा त्या वजनकाट्यावर गेला तो गेलाच. बाकी इंजिन, पुढचे दोन्ही दिवे, हॉर्न आणि आम्ही दोघं अजून चालू आहोत.

तुमची,
आजी